एका ग्राफिक्स कार्डाची हकीकत

‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आम्हीं इयत्ता पांचवींत असतांना पाठ केली, तिचा वाक्यांत उपयोग करून पुरे गुण मिळविले, आणि त्यानंतर ती साफ विसरून गेलों. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तीच म्हण आम्हांस पुनः शिकावी लागली; मात्र या वेळीं गुण देणारे कोणी नव्हतें, आणि चूक झाली असतां नुकसान व्हावयाचें तें आमचें नसून दुसऱ्याचें होतें. ती हकीकत आमच्या शाळूसोबत्यांस थोडीफार उपयोगी पडेल व त्यांच्या वडील मंडळींचीही घटकाभर करमणूक होईल, या हेतूनें ती येथें सादर करीत आहों.

आमची ताई त्या वेळीं वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षास होती. सोलापूरच्या पूर्वभागांतील विणकर वस्तीसाठीं एक सार्वजनिक वाचनालय कसें असावें, याचे आराखडे तिनें वर्षभर खपून तयार केले होते. आतां त्या आराखड्यांवरून संगणकाकडून चित्रें काढून घ्यावयाचीं होतीं. सकाळीं नऊ वाजतां वाचनालयाच्या जाळींतून ऊन आंत कसें येईल, दुपारीं पुस्तकांच्या कपाटांवर सावली कोठें पडेल, हें त्या चित्रांत हुबेहूब दिसावें लागतें. असें चित्र काढतांना संगणकास प्रकाशाचे कोट्यवधि किरण एकेक करून मोजावे लागतात. कोणता किरण कोठून निघाला, कोणत्या भिंतीवर आपटला, कोणत्या रंगानें परतला, हा हिशेब तो करीत राहतो. हें काम जो भाग करतो त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. १९९९ सालीं निघालेल्या ‘जीफोर्स २५६’ नांवाच्या कार्डास एक तळहाताहून लहान पंखा पुरत असे; २०२२ सालीं त्याच कंपनीनें काढलेलें ‘आरटीएक्स ४०९०’ हें कार्ड ४५० वॅट वीज खातें, व त्यास निववण्याचें साधन विटेहून मोठें असतें. यावरून या यंत्राची भूक व ताप किती वाढला आहे याची कल्पना यावी.

नवें कार्ड घेण्याइतकी आमच्या घरची स्थिति नव्हती. ताईनें लहान मुलांच्या शिकवण्या करून आठ हजार रुपये सांठविले होते. आम्हीं सायकलीसाठीं ठेवलेले तीन हजार तींत घातले, आणि वडिलांबरोबर पुण्यास जाऊन एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून ११,००० रुपयांस एक जुनें कार्ड आणलें. तें १७० वॅटचें होतें. तो विद्यार्थी सरळ मनाचा होता. तो म्हणाला, “मी कांहीं लपवीत नाहीं. हें दोन वर्षें रात्रंदिवस आभासी नाणीं मिळवण्याच्या कामाला जुंपलेलें होतें. आंतली पेस्ट वाळली असेल आणि पॅडही गेले असतील. उन्हाळ्यापूर्वीं एकदां ते बदलून घ्या. पण मोजमाप घेऊन, जपून.” आभासी नाण्यांचें काम म्हणजे संगणकानें अहोरात्र गणितें सोडवावीं व त्याच्या बदल्यांत नाणीं मिळावीं, असा एक व्यवहार होता. इथीरियम या नाण्यानें सप्टेंबर २०२२ मध्यें आपली पद्धत बदलली. तेव्हांपासून त्या कामाला लावलेलीं हजारों कार्डें जुन्या बाजारांत आलीं. त्यांतलेंच हें एक. आम्हीं त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यास मान डोलाविली खरी. पण आमचें सारें लक्ष कार्डाच्या कडेला लावलेल्या रंगीत दिव्यांकडे होतें!

मे महिना उजाडला. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांस त्याचें वर्णन सांगावयास नको. दुपारीं खोलींतील उष्णतामापक ३८ अंश दाखवीत असे. ताईनें चित्र काढावयास लावलें कीं कार्डाचे पंखे किंकाळ्या फोडूं लागत; पारा ८६ अंशांवर जाऊन बसे, कार्ड आपला वेग आपणच कमी करून स्वतःस सांभाळूं पाही, आणि कधीं कधीं चित्र अर्धें झालें असतां सारें काम बंद पडे. महाविद्यालयांत काम दाखविण्यास नऊ दिवस उरले होते व चौदा चित्रें बाकी होतीं.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. कार्डावरील मुख्य चिप पोस्टाच्या तिकिटाहूनही लहान असते. आमच्या कार्डावरील चिपेचें क्षेत्रफळ अवघें पावणेतीन चौरस सेंटिमीटरांच्या आसपास. कार्ड जी वीज खातें ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, व तींतील १२० वॅट या चिपेच्या वांट्यास येतात असें धरलें, तर दर चौरस सेंटिमीटरास ४३ वॅट पडतात. घरांतील १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर धरल्यास तेथें दर चौरस सेंटिमीटरास पांचच वॅट पडतात. म्हणजे या चिमुकल्या चिपेंतून इस्त्रीच्या आठपटींहून अधिक दाटीनें उष्णता निघत असते. ती त्वरित वाहून नेली नाहीं तर दुसरें काय व्हावयाचें?

ती वाहून नेण्याची योजना मोठी नामी असते. चिपेवर धातूची एक सपाट पाटी टेकलेली असते. तिच्यांतून तांब्याच्या नळ्या निघून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या जाळींत जातात. आणि पंखे त्या जाळींतून वारा घालतात. या नळ्या भरीव नसतात. त्यांच्यांत अगदीं थोडें पाणी असून हवा काढून घेतलेली असते. त्यामुळें तें पाणी थोड्या उष्णतेनेंच उकळतें, वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता टाकून पुनः पाणी होते, आणि नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून, वातींतून तेल चढावें तसें, परत चिपेकडे येतें. १९६३ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञानें ही नळी अंतराळयानांच्या उपयोगासाठीं पुढें आणली.

परंतु या सगळ्या योजनेचा प्राण एका क्षुल्लक दिसणाऱ्या ठिकाणीं असतो, व तें ठिकाण म्हणजे चिप आणि पाटी यांचा सांधा. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खांचखळगे राहतात व त्यांत हवा दडून बसते. तांब्याच्या तुलनेनें हवा उष्णता वाहून नेण्यांत सुमारें पंधरा हजार पटींनीं मंद आहे. म्हणून त्या खळग्यांत एक विशिष्ट पेस्ट भरतात. चिपेच्या सभोंवतीं स्मृतीच्या लहान चिपा असतात. त्या मुख्य चिपेपेक्षां बुटक्या असल्यामुळें त्यांच्या व पाटीच्या मध्यें रबरासारखे मऊ पॅड बसवितात. पेस्ट वाळली किंवा पॅड कुजले कीं, वर नळ्या, पातीं, पंखे कितीही उत्तम असोत, सर्व व्यर्थ!

हें ज्ञान आज आम्ही मोठ्या ऐटीनें सांगत आहों. त्या दिवशीं मात्र तें आमच्या ठायीं नव्हतें. ताई महाविद्यालयांत गेली असतां दुपारच्या वेळीं, कोणासही न विचारतां, आम्हीं कार्ड उघडलें. आंत पेस्ट जुन्या चुन्यासारखी खडबडीत झाली होती, व पॅड बोट लावतांच तुकडे होऊन तेलकट हातास चिकटत होते. पुण्याच्या विद्यार्थ्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्ही सायकलीवरून बाजारांत गेलों. दुकानांत दोन मिलिमीटर जाडीचे पॅड होते. दुकानदारानें विचारलें, “किती जाडीचे पाहिजेत?” आम्हीं मनांत म्हटलें, जितका जाड तितका चांगला; गादी जाड असावी हें कोणास कळत नाहीं! तेच घेऊन आलों, बसविले, वर पेस्ट थापली, आणि पाटी नीट बसत नाहींशी पाहून स्क्रू अंगांतला सारा जोर लावून आवळले.

कार्ड सुरू केलें. अर्ध्या मिनिटांत पारा ९० च्या वर गेला. आणखी कांहीं क्षणांत पडदा काळा पडला. पुनः सुरू केलें. पुनः तोच प्रकार. आमचे हातपाय गळाले. ताईची वर्षाची मेहनत, शिकवण्यांचे पैसे, नऊ दिवसांची मुदत, सर्व डोळ्यांपुढें उभें राहिलें. अशा वेळीं मनुष्यानें खरें बोलावें. पण आम्हीं काय केलें? त्या पुण्याच्या विद्यार्थ्यास आम्हीं निरोप धाडला कीं, “तुम्ही आम्हांस फसविलेंत. कार्ड निकामी निघालें. पैसे परत करा.” आणि संध्याकाळीं ताई घरीं आल्यावर तिलाही तेंच सांगितलें. कार्ड आम्हीं उघडलें होतें हें सांगितलें नाहीं.

ताई रागावली असती तर बरें झालें असतें. ती कांहीं वेळ कार्डाकडे पाहत उभी राहिली, आणि मग म्हणाली, “असूं दे. तुझे सायकलीचे पैसे मात्र उगाच गेले रे. मी चित्रें कमी करतें. हातानें रंगवतां येतील तेवढीं रंगवतें.” रात्रीं एक वाजेपर्यंत तिच्या खोलींत दिवा होता. आम्ही अंथरुणांत जागे होतों. तिला आमच्या सायकलीची काळजी पडावी आणि आम्हीं तिच्यापासून सत्य लपवावें, या विचारानें त्या रात्रीं आमचा डोळा लागला नाहीं.

पहाटे आजोबा ओट्यावर येऊन बसले, तेव्हां आम्हीं त्यांच्यापाशीं जाऊन सर्व सांगून टाकलें. आमचे आजोबा एस. टी. च्या कारखान्यांत तीस वर्षें मेकॅनिक होते. ग्राफिक्स कार्ड हा शब्द त्यांनीं पूर्वीं ऐकला नसेल. पण तापलेलें इंजिन त्यांनीं आयुष्यभर हाताळलें होतें. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “आधीं ताईला सांग. मग आपण उघडूं.”

आम्हीं ताईस उठविलें व सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “उघडतांना मला बोलाव, मी बॅटरी धरतें.”

आजोबांनीं स्वच्छ पांढरें धोतर टेबलावर पसरलें, हात पुसले, व संगणकाची वायर भिंतींतून काढली आहे हें स्वतः पाहिलें. अंगांतील स्थिर विजेनें नाजूक भाग बिघडतात, म्हणून आम्ही प्रथम संगणकाच्या उघड्या लोखंडी पेटीस हात लावून घेतला. कार्ड उघडल्यावर आजोबांनीं कशासही बोट न लावतां आधीं पाटीची खालची बाजू उजेडांत धरली. “हें बघ,” ते म्हणाले, “पेस्टचा ठसा कोठें आहे? एका कडेला जरासा. मधें कांहींच नाहीं. रेडिएटर चांगला आहे, पंखा चांगला आहे. पण रेडिएटर इंजिनाला लागलाच नाहीं. मधें कोणी तरी उभें आहे.” आम्हीं पाहिलें, मधें आमचे जाड पॅड उभे होते! त्यांनीं पाटी वर उचलून धरली होती, आणि मुख्य चिप व पाटी यांमध्यें फट राहिली होती. ती फट बुजावी म्हणून आम्हीं स्क्रू आवळले होते. त्यानें फट बुजली नाहीं, कार्ड मात्र किंचित् वांकलें होतें. आणखी थोडा जोर केला असता तर चिपेचा कोपराच उडाला असता.

“जुन्या पॅडची जाडी किती होती?” आजोबांनीं विचारलें. आम्हांस ठाऊक नव्हतें. पण जुने तुकडे कचऱ्याच्या डब्यांत होते. जाडी मोजावी कशानें? तेव्हां आम्हांस आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतील व्हर्निअर कॅलिपरची आठवण झाली. सुटी असली तरी आमचे विज्ञानाचे सर शाळेच्या आवारांतच राहतात. त्यांनीं कारण विचारून घेतलें, व कॅलिपर हातीं देतांना म्हणाले, “प्रयोगवहींत वाचन तीनदां घेतां ना? येथेंही तीनदांच घ्या.” जो तुकडा दबलेला नव्हता त्याचीं आम्हीं तीन वाचनें घेतलीं. प्रत्येक वेळीं आंकडा एक मिलिमीटराच्या जवळपास आला. ज्या उपकरणाचा उपयोग परीक्षेपुरताच असें आम्ही समजत होतों, त्यानें आमची चूक अशी नेमकी पदरांत घातली.

एक मिलिमीटरचे पॅड दुसऱ्या पेठेंत मिळाले. चिप व पाटी अल्कोहोलनें स्वच्छ पुसली. पेस्ट या खेपेस थापली नाहीं. चिपेच्या मध्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढीच ठेवली, कारण तिचें काम खळगे भरण्याचें, जाड थर देण्याचें नव्हे. मग आजोबांनीं स्क्रू कसे आवळावे तें शिकविलें. चारही स्क्रू प्रथम दोनदोन आटे बसवावे. नंतर एक, मग त्याच्या तिरप्या समोरचा, असें करीत थोडथोडे आवळीत जावें. “इंजिनाचें हेड असेंच बसवतात,” ते म्हणाले. “एकाच बाजूनें आवळलें कीं दुसरी बाजू तोंड वर करते.” त्यानंतर त्यांनीं जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें पात्यांच्या जाळींतील धूळ काढली, व पंखे फिरूं नयेत म्हणून ते बोटानें धरून ठेवण्यास आम्हांस सांगितलें.

कार्ड सुरू झालें. ताई, आजोबा व आम्ही असे तिघेही पडद्यावरील आंकड्याकडे पाहत होतों. साठ, पासष्ट, सत्तर. आणि ७५ वर येऊन तो थांबला. ताईनें प्रथमच आमच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यावर आजोबांचें समाधान झालें नाहीं. संगणकाची पेटी टेबलाखालच्या कोनाड्यांत भिंतीस टेकून ठेवलेली होती. मागून निघालेली ऊन हवा भिंतीवर आपटून पुढच्या पंख्यांतून पुनः आंत जात होती. पेटी बाहेर काढून मोकळ्या जागीं ठेवली, तिच्या पुढच्या जाळीवरील धुळीचा थर झाडला. पारा ७१ वर आला. शेवटीं आम्हीं पुस्तकांतून शिकलेली एक गोष्ट केली. चिपेनें खाल्लेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कारखानदार सर्व चिपांस पुरावें म्हणून व्होल्टेज थोडें सढळ ठेवतात. आम्हीं तें १·०५ वरून पायरीपायरीनें उतरवीत नेलें. ०·८५ वर काम अडलें, म्हणून ०·९० वर स्थिर केलें. गणित करून पाहिलें तर या भागाचा खर्च सुमारें २६ टक्क्यांनीं उतरतो. वेगांत मात्र फारसा फरक पडला नाहीं. पारा ६५ झाला. खोली ३८ अंशांवर असतां कार्ड तिच्याहून पूर्वीं ४८ अंशांनीं अधिक तापत होतें, आतां २७ अंशांनीं. वारा घालून कोणतीही कोरडी वस्तु खोलींतील हवेहून थंड होत नाहीं. म्हणून आपलें यश मोजावयाचें तें खोलीच्या उष्णतेपासून, शून्यापासून नव्हे, हेंही आम्हांस त्या दिवशीं कळलें.

ताईचीं चौदाही चित्रें मुदतींत पुरीं झालीं. ज्या चित्रास पूर्वीं पंचावन्न मिनिटें लागत तें सत्तेचाळीस मिनिटांत होऊं लागलें, आणि मुख्य म्हणजे एकही मध्येंच बंद पडलें नाहीं.

आतां राहिला तो पुण्याचा विद्यार्थी. त्यास फोन करतांना आमचा आवाज किती कांपत होता तें आम्हीच जाणतों. आमची चूक कोणती, जाडी किती चुकली, सर्व सांगून आम्हीं क्षमा मागितली. तो क्षणभर थांबून म्हणाला, “तुमचा निरोप वाचून मी माझ्या आईला विचारलें होतें, पैसे परत द्यायचे का म्हणून. द्यायचे ठरलें होतें.” हें ऐकून आम्हांस जी लाज वाटली ती त्याच्या रागानें वाटली नसती.

आमच्या सोबत्यांपैकीं पुष्कळांस असलीं कार्डें घेण्याची हौस आहे, म्हणून जातां जातां चार शब्द सांगतों. तीच चिप निरनिराळे कारखानदार निरनिराळ्या घडणीच्या कार्डांवर बसवितात, व दोहोंचा टिकाऊपणा सारखा नसतो. घेतांना कडेचे दिवे पाहूं नयेत. पाटी चांगली रुंद व तांब्याची आहे कीं नाहीं, नळ्या किती आहेत, स्मृतीच्या व विजेच्या भागांवर पॅड आहेत कीं ते उघडे टाकले आहेत, पंखा बोटानें फिरविला असतां घरघरतो कीं काय, आणि जड कार्डास लोंबूं न देण्याची सोय आहे कीं नाहीं, हें पाहावें. कारखान्याची हमी शिल्लक असेल तर स्वतः उघडूं नये. उघडणें भागच पडलें तर जुना पॅड फेकण्यापूर्वीं मोजावा. आणि विकणारा मनुष्य आपण होऊन दोष सांगत असेल, तर त्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.

सायकल अद्याप आलेली नाहीं. ताईस नोकरी लागली असून पहिल्या पगारांत ती घेऊन देण्याचें तिनें कबूल केलें आहे. आम्हीं तिला सांगितलें कीं, अर्धे पैसे आमचे राहूं देत. आजोबांनीं दोन मिलिमीटरच्या पॅडचा उरलेला तुकडा आमच्या अभ्यासाच्या टेबलावर, समोर दिसेल असा, खिळ्यानें ठोकून ठेवला आहे. तो काढून टाकण्याची त्यांनीं मनाई केली आहे, व आम्हांसही तो काढावासा वाटत नाहीं.